काळी पूड घेऊन सांगलीला

साताऱ्याला निघालेय म्हटल्यावर आमच्या अमरावतीच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकानं एकच विचारलं, "कास की महाबळेश्वर?" मी म्हटलं, "एका मैत्रिणीकडून बाटली आणायचीय. बोटाएवढी. ती घेऊन पुढं सांगलीला जायचं." गणिताच्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "एवढ्याशा बाटलीसाठी इतक्या दूर? कुरिअरनं येत नाही का?"

आली असती. पण मागायची कोणत्या तोंडानं, हाच प्रश्न होता.

थोडं मागचं सांगायला हवं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी आणि शबाना बागवान, आम्ही दोघी चार वर्षं एकाच भट्टीवर काम करत होतो. कार्बनच्या नळ्या तयार करायच्या. एकेक नळी केसापेक्षा हजारो पटींनी बारीक, त्यामुळे कोट्यवधी एकत्र आल्या तरी डोळ्यांना दिसते ती नुसती काजळीसारखी काळी पूड. शबानाच्या नळ्या साध्या, शुद्ध कार्बनच्या. माझ्या नळ्यांमध्ये कणभर नायट्रोजन मिसळलेला. याला डोपिंग म्हणतात; दुधात विरजण थेंबभरच घालतात, पण दुधाचं वागणं बदलतं, तसं नळीचं वीज वाहण्याचं वागणं त्यानं बदलतं. नायट्रोजन खरोखर नळीत शिरलाय की नाही हे दाखवणं म्हणजे माझी पीएच.डी.

मग शबानाच्या अब्बांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ती महिन्याभरासाठी म्हणून साताऱ्याला गेली आणि परतलीच नाही. घरचा फळांचा धंदा तिच्या अंगावर पडला. मी पहिल्या आठवड्यात एकदा मेसेज केला, फोन कधीच केला नाही. नोकरी होती, मुलीची दहावी होती, सासूबाईंचे गुडघे होते. कारणं सगळी खरी होती, पण तीन वर्षं पुरतील एवढी नव्हती.

आणि आता माझी मुदत संपत आली होती. गाइड सरांनी स्पष्ट सांगितलं, "मंजूषा, परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार. त्याच भट्टीतल्या साध्या नळ्या शेजारी ठेवून मोजल्यात का?" माझ्याकडच्या साध्या नळ्या बाकीच्या चाचण्यांमध्ये संपल्या होत्या. भट्टी मोडीत गेली होती. शबानानं जाताना आठवण म्हणून एक बाटली नेली होती, तेवढीच काय ती शिल्लक. मोजायचं यंत्र पुण्यात मिळेना, रांग मोठी. सांगलीच्या एका कॉलेजात बुधवार-गुरुवार असे दोन दिवस मिळाले. सातारा वाटेवरच.

शेवटी फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "हाय की बाटली. ये की न्यायला."

सातारा आणि मेढा, सोमवार

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी साताऱ्याची सकाळ उघडते ती थंडीनं कान लाल करतच. जानेवारी होता. बागवानांचं दुकान शोधायला लागलं नाही. रिक्षावाल्यानं नाव ऐकताच "म्हंजे अब्बांकडं" म्हणून नेऊन सोडलं. अब्बा खुर्चीत बसून संत्र्यांचा ढीग रचत होते. छातीवरच्या ऑपरेशनची खूण गळ्यापाशी दिसत होती.

"तुमी अमरावतीच्या मंजूताई व्हय? या, या. आवं, उभ्या का?" त्यांनी एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. मी सवयीनं वास घेतला आणि हसले. ते संत्रं आमच्याकडचंच होतं.

"वळखलंत की!" अब्बा खूश झाले. "माहेरचं माणूस सासरी भेटल्यागत झालं तुमास्नी. शबी मेढ्याला गेलीया, स्ट्रॉबेरी उचलाय. एस्टीनं जावा, तासाभराचं काम. इथं वाट बगत बसला तर ती मुद्दाम उशिरा यील. रुसलीया तुमच्यावर."

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मला उठून जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

मेढ्याची वाट कण्हेरच्या पाण्याच्या कडेनं जाते. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला जावळीचे डोंगर, उन्हाची तिरीप एकेका सोंडेवर उतरत चाललेली. वऱ्हाडात आमची जमीन सपाट, नजर टाकली की थेट आभाळाला जाऊन लागते. इथं नजर सारखी कशाला तरी अडते आणि अडली तरी राग येत नाही.

शबाना बांधावर उभी राहून स्ट्रॉबेरीचे डबे मोजत होती. डोक्याला स्कार्फ, पायात गमबूट, हातात वजनकाटा. मला पाहून तिनं डबे मोजणं थांबवलं नाही.

"ताई, तीन वर्षांत एक फोन. तोबी पुडीसाठी."

मी म्हटलं, "हो."

"अब्बा आयसीयूत हुते तवा मी रोज बगायची, तुझा मेसेज आला का. एकदा आला. 'काळजी घे.' फुलाचं चित्र हुतं."

बसमध्ये तयार केलेली तीन-चार वाक्यं होती, ती सगळी फालतू वाटली. मी म्हटलं, "चुकलं माझं. कारण काही नाही. चुकलं."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग शेजारचा रिकामा क्रेट पायानं माझ्याकडं ढकलला. "बस. आणि खा. हे बारके खा, मोठे बाजाराला जात्यात, गोड बारकेच असतात."

दुपारी शेतमालकाच्या घरी जेवायला बसलो. भाकरी, वांगं, वर कच्चा कांदा. मी म्हटलं, "थोडा सांबार असेल तर द्या." मालकीणबाई गोंधळल्या. "सांबार? ते इडलीचं? ते कुठनं आणू, बाई?" आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे शबाना चार वर्षांत शिकली होती. ती हसत हसत आडवी झाली, आणि ते हसणं ऐकल्यावर मला इकडं आल्यापासून पहिल्यांदा भूक लागली.

संध्याकाळी साताऱ्याच्या घरी तिनं कपाटातून बाटली काढून दिली. मी हात पुढं केला तर तिनं बाटली मागं घेतली.

"मीबी येणार सांगलीला. दोन दिवस अब्बा दुकान बगतील. मला बगायचंय, माझ्या नळ्या कशा दिसत्यात त्या."

सातारा ते सांगली, मंगळवार

बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर एक आजी होत्या, नऊवारी नेसलेल्या, मांडीवर पिशवी. उंब्रजच्या अलीकडं बस एका खड्ड्यात आपटली तशी शबानानं घाबरून पर्समधून बाटली काढली, बूच घट्ट आहे का बघायला. आजींनी मान वळवली.

"मिसरी हाय व्हय?"

मिसरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. इकडच्या बायका बोटानं दातांना लावतात. आजींनी बोट पुढंही केलं. "वाईच दे की. माझी डबी घरीच ऱ्हायली."

"आजी, ही मिसरी न्हाई," शबाना म्हणाली.

"मग काय हाय?"

आमच्या दोघींच्या चार वर्षांच्या कामाचं एका वाक्यात उत्तर द्यायची वेळ आली होती. शबाना म्हणाली, "कोळशाच्या नळ्या हायत. लय बारीक."

आजींनी बाटली उजेडाला धरली. हलवली. "नळ्या? एकबी दिसंना. फसवलं बग तुला दुकानदारानं." मग तोंड पुढं करून हळूच म्हणाल्या, "द्यायची नसंल तर तसं सांग. खोटं कशापाय बोलायचं?"

कंडक्टरसह अर्धी बस हसली. आजी मात्र कराडला उतरेपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. उतरताना शबानानं त्यांना स्ट्रॉबेरीचा डबा दिला तेव्हा कुठं राग गेला.

इस्लामपूरच्या बाजूला ढाब्यांवर सगळीकडं एकच पाटी, "अख्खा मसूर". आमच्याकडं मसूर म्हणजे आजाऱ्याची डाळ. इथं ती अख्खी शिजवून, तिखटाचा तवंग आणून, रोटीबरोबर अशी ऐटीत देतात की मटणानं बाजूला सरकून जागा द्यावी. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि सांगली येईपर्यंत पाणी पीत राहिले.

सांगली, बुधवार

यंत्र सांभाळणारे सिद्धनाथ कोळेकर आटपाडीकडचे. पन्नाशीचे, उंच, कानात बाळी. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं; चुलते अजून कळप घेऊन फिरतात. हे भावंडांतले पहिले शिकलेले.

"चपला भायेर काढा मॅडम. आणि आवाज जरा बारीक. हे यंत्र लय लाजाळू हाय."

खोली बाथरूमएवढी, एसी कडाक्याचा. टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी लेझरची पेटी. रामन पद्धत कशी चालते ते मी वर्गात अनेकदा शिकवलंय, पण कोळेकरांनी सांगितलं तसं मला कधी जमलेलं नाही. "हिरवा उजेड टाकायचा. जवळजवळ सगळा हिरवाच माघारी येतो. कोटीत एखादा किरण रंग बदलून येतो. तेवढाच धरायचा. आतले अणू कसे हलत्यात ते त्यो सांगतो. आमचा आजा अंधारात नुसत्या आवाजावरनं सांगायचा, कुठली मेंढी लंगडतीया. तसंच हाय हे."

त्यांनी आधी सिलिकॉनची चकती ठेवून यंत्र पारखून घेतलं; तिचं शिखर नेहमी एकाच ठरलेल्या जागी यायला हवं. मग दिवे मालवले आणि शबानाच्या नळ्या लावल्या. हळूहळू पडद्यावर रेघ चढली, उतरली, पुन्हा चढली. पहिलं शिखर नळीतल्या दोषांचं. दुसरं, उंच आणि टोकदार, नळीच्या मूळ विणीचं. आमचं सगळं लक्ष त्याच्यावर. ते खालच्या पट्टीवर पंधराशे ऐंशीच्या आकड्यावर उभं होतं.

शबाना पडद्याजवळ गेली. अंधारात तिच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड होता. "केवढं नीटस आलंय," ती पुटपुटली. "तीन वर्षं कपाटात हुतं, तरी."

दुपारी कोळेकरांनी डबा उघडला. हुलग्याची शेंगोळी, घट्ट, लसणाच्या फोडणीची. आमच्या वरणफळांचा हा रागीट भाऊ. आमचं जेवण होईपर्यंत कॉलेजातले एक प्राध्यापक काचेचा तुकडा घेऊन आले आणि तो मोजून गेले. मग माझी पाळी.

माझ्या नळ्यांचा आलेख भराभर आला, सकाळपेक्षा कितीतरी पटकन आणि स्वच्छ. शिखर सरकलं होतं. पंधराशे एकोणसत्तर. नायट्रोजन शिरला की शिखर खाली सरकावं अशीच आमची अपेक्षा होती, पण एकदम अकरानं! मी उडीच मारली. कोळेकरांशी हात मिळवला, शबानाला मिठी मारली, तिनं अब्बांना आकडा कळवला, मी बाहेर जाऊन सरांना फोन केला. "सर, अकरा!" सर म्हणाले, "येताना कंदी पेढे आणा."

आत आले तर शबाना सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती.

"ताई, जरा इकडं बग."

मी पाहिलं. काळ्या पुडीत, लेझर पडला होता तिथं, एक बारीक फिकट भोक. विडीनं सदरा जळावा तसं.

"सकाळी माझ्यात असं भोक न्हवतं," ती म्हणाली. "दादा, सकाळी उजेड कमी करायची जाळी आत हुती ना?"

कोळेकरांनी कपाळावर हात मारला. "आयला! काचेसाठी काढली मगाशी. परत घातलीच न्हाई. चूक माझी, ताई."

काय झालं ते क्षणात कळलं. पूर्ण ताकदीचा लेझर पडून माझ्या नळ्या तापल्या होत्या. तापलेल्या नळीची वीण ढिली पडते आणि शिखर आपोआप खाली येतं, नायट्रोजन असो वा नसो. अकरातले किती नायट्रोजनचे आणि किती आगीचे, कोण सांगणार? कदाचित सगळे आगीचेच.

मला ते ऐकायचं नव्हतं. "इतरांनीही असंच मोजलेलं असतं," मी म्हटलं. "तुला काय पडलंय एवढं? ही तुझी पीएच.डी. नाही."

"न्हाई माझी," शबाना शांतपणे म्हणाली. "पण नळी माझी हाय. तिच्या शेजारी खोटा आकडा बसवू देणार न्हाई मी."

ती चपला घालून बाहेर गेली. कोळेकर जाळी हातात धरून उभे होते, मला म्हणाले, "मॅडम, रागवू नका, पण बाई बराबर बोलली."

आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या काठावर ती सापडली. हातात भडंगाचा पुडा. मी शेजारी बसले. नदी संथ होती, पलीकडं कुणीतरी म्हशी धूत होतं. तिनं पुडा माझ्यापुढं धरला. चुरमुरे, लसूण, तिखट, शेंगदाणे.

"यात फल्ली मस्त आहे," मी म्हटलं.

"शेंगदाणे म्हण की. चार वर्षं सांगतीया." ती नदीकडं बघत होती. "मी सोडलं ना ताई, तवा वाटलं, माझं काम कुठंतरी शिल्लक राहील. तू करशील नीट. म्हणून तसं बोलले."

"तू बरोबर बोललीस. मी घाबरले होते."

"कशाला?"

"एवढ्या वर्षांनी शून्य आलं तर काय, म्हणून."

"मग शून्य म्हणायचं. पण आधी बगू तरी." आणि मग एकदम धंद्याच्या आवाजात, "आणि पेपरात माझं नाव घालायचं. बागवान एस. एम. स्पेलिंग नीट."

मी तिथूनच सरांना फोन लावला. "सर, अकरा नाही. किती ते अजून माहीत नाही." सर म्हणाले, "मग उद्या कळेल. पेढे तरीही आणा."

सांगली, गुरुवार

योजना शबानाची. जाळी आत, लेझर अगदी मंद. आधी तिची नळी, मग माझी, मग पुन्हा तिची, पुन्हा माझी, मधे दर वेळी सिलिकॉनची चकती. प्रत्येक मोजणीला बारा मिनिटं. दरवेळी पुडीवर नवी जागा, आणि मोजून झाल्यावर भोक पडलंय का ते तपासायचं.

बारा मिनिटं अंधारात तिघांनी करायचं काय? कोळेकरांनी सांगितलं, लहानपणी कळपाबरोबर हिंडताना रात्रीची शाळा कशी केली. शबानानं सांगितलं, फळाला बोट न लावता ते आत नासलंय हे कसं ओळखायचं. मी अमरावतीच्या गिला वड्याचं इतकं वर्णन केलं की कोळेकर म्हणाले, "मॅडम, यंत्राला भूक लागंल."

पहिला फरक आला, चार. मी आकडा वहीत उतरवला. दुसरा चार. तिसरा साडेतीन. शबानानं माझा हात धरला, तिची बोटं एसीनं गार पडली होती. चौथा पुन्हा चार. कुठंही भोक नाही. दोषांचं शिखरही माझ्या नळ्यांत उंच, नायट्रोजन शिरल्यावर असायला हवं तसं. सिलिकॉनचं शिखर दर वेळी जागच्या जागी, म्हणजे यंत्रही सरकलेलं नव्हतं.

कोळेकरांनी दिवे लावले आणि आम्ही तिघंही डोळे चोळत एकमेकांकडं बघून हसत सुटलो. अकराचा आनंद फटाक्यासारखा होता. हा चारचा आनंद वेगळाच, पोटभर जेवल्यासारखा. मी रडलेसुद्धा थोडी. शबानानं अब्बांना व्हिडिओ कॉल लावला.

"चार आलं, अब्बा!"

"चार म्हंजे चांगलं का वाईट?"

"लय चांगलं!"

"काल तर अकरा म्हणत हुतीस. मग आज कमी होऊन खुशी कशाची?"

कोळेकर भिंतीला टेकून हसत राहिले. शबाना म्हणाली, "घरी आल्यावर समजावते, अब्बा. धंद्यात बी तुमीच सांगता ना, खरं वजन तेच खरं."

"ते हाय," अब्बा म्हणाले. "मग अभिनंदन दोघींचं."

परतीची वाट, शुक्रवार

सकाळी सांगली स्टेशनवर शबाना मला सोडायला आली. तिची साताऱ्याची बस नऊची होती. निरोप घेताना तिनं माझ्या पिशवीत कोळेकरांनी दिलेली आटपाडीची डाळिंबं कोंबली आणि "पोचल्यावर फोन कर" असं बजावलं. मी म्हटलं, "आता रोज करीन." ती म्हणाली, "रोज नको. दुकान असतंय."

गाडीच्या खिडकीतून उसाचे फड आणि द्राक्षांचे मांडव मागं जात होते. कराड आलं. पोचेपर्यंत थांबावं असं ठरवलं होतं, पण मला राहवेना. मी फोन लावला. ती बसमध्ये असेल, गोंगाट असेल, असं वाटलं होतं. उलट पलीकडं पूर्ण शांतता होती आणि ती कुजबुजत होती.

"बोल ताई. हळू बोल."

"कुठं आहेस? बस चुकली का?"

"सोडली. कोळेकरदादांनी अर्धा दिवस दिलाय, आज कुणी येणार न्हवतं. रसायनशास्त्राच्या मॅडमकडनं आयोडीन घेतलं, माझ्या चिमूटभर नळ्यांना त्याची वाफ दिलीया. तुझी शिखरं खाली सरकली ना? आयोडीन नायट्रोजनच्या उलट वागतं, त्यानं वर जायला पाहिजेत."

मी खिडकीपाशी ताठ बसले. समोरच्या सीटवरच्या काकांनी दचकून पाहिलं. "मग? जातायत?"

"जरा हललंय असं वाटतंय. अजून बारा मिनिटं हायत."

"अब्बांना काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हणाले, संत्री मी विकतो, तू तुझं मोज." मागं कोळेकरांचा आवाज आला, काहीतरी घाईनं सांगत होते. शबाना हसू दाबत म्हणाली, "ताई, फोन ठेव. मोबाइलच्या पडद्याचा उजेड यंत्रात शिरतोय."